न दिसणारं गिऱ्हाईक

लातूरच्या गंजगोलाईत डाळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी दर विचारत नाही. ते पोत्यात हात घालतं, मूठभर डाळ तळहातावर पसरतं, बोटानं दाणे सरकवत खडा, टरफल, किडका दाणा शोधतं, एखादी डाळ दाताखाली धरून बघतं. दराची गोष्ट त्यानंतर. तोवर दुकानदारानंही गिऱ्हाईक जोखलेलं असतं: घेणारं आहे की नुसतं विचारून जाणारं, रोख देईल की मांडून ठेवा म्हणेल, सणाला पुन्हा येईल का. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि या सोळाही रस्त्यांवर दिवसभर हीच देवघेव चालते. यातलं काही कुणी कागदावर उतरवत नाही. डोळा, हात आणि ओळख मिळून सगळं सांभाळतात.

त्याच दुकानदाराच्या घरातली सून किंवा मुलगा तीच डाळ फोनवरून विकायला लागतो, तेव्हा डोळा, हात आणि ओळख तिन्ही सुटतात. उरतो एक फोटो, चार ओळींचा मजकूर आणि दूरच्या गावचा पत्ता. छोट्या ऑनलाइन धंद्यात होणाऱ्या चुका मी गेली काही वर्षं जवळून बघते आहे. त्यातल्या बहुतेक याच जागी जन्म घेतात. दुकानात जे न सांगता होत होतं, ते इथे मुद्दाम करावं लागतं आणि लिहून ठेवावं लागतं. ते राहून जातं. ही पुस्तिका त्या राहून जाणाऱ्या गोष्टींची आहे.

ती लिहायला मी कशी बसले, ते आधी सांगते. २०२१ च्या उन्हाळ्यात मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी कुरडया विकायला काढल्या. गव्हाचा चीक, तीन दिवसांचं भिजवण, पहाटेचं चुलवण, गच्चीवरचं वाळवण, हे सगळं आम्हाला हातचं ठाऊक होतं. माल उत्तम होता. पुण्यातल्या भाचीनं तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि दोन दिवसांत ऑर्डरी आल्या. एकेक किलो कुरडया मोडू नयेत म्हणून आम्ही ऐसपैस खोक्यात भरल्या, वर वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि कुरिअरच्या काउंटरवर गेलो. तिथल्या मुलानं खोकं काट्यावर ठेवलं, मग टेप काढून लांबी, रुंदी, उंची मोजली आणि साडेतीन किलोच्या वरचं भाडं सांगितलं. जाऊबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “एवढ्याशा कुरडयांना साडेतीन किलोचं भाडं कामून लावलं गं यानं?”

त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. पार्सल गाडीत जागा किती अडवतं, याचंही वजन धरलं जातं. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला साधारणपणे ५००० नं भागायचं. आमचं खोकं ३० बाय ३० बाय २० होतं. गुणाकार १८,०००, भागून आले ३.६ किलो. काट्यावरचं वजन आणि हे वजन, यांपैकी जे जास्त त्याचं भाडं. पापड, कुरडया, बांबूच्या वस्तू, गोधड्या असा हलका पण फुगीर माल विकणाऱ्याला हे गणित माल तयार करण्याआधी माहीत हवं. आम्हाला ते काउंटरवर उभं राहून कळलं, आणि किंमत तर आम्ही गिऱ्हाइकांना आधीच सांगून बसलो होतो.

त्या उन्हाळ्यात याहून मोठा धडा परत आलेल्या पार्सलांनी दिला. पार्सल हातात पडल्यावर पैसे, म्हणजे सीओडी, हे गिऱ्हाइकाला सोयीचं असतं. ही पद्धत काही नवी नाही. जुन्या मराठी मासिकांच्या मागच्या पानांवर ‘व्ही.पी.ने मागवा’ अशा जाहिराती असत. पोस्टमन दारात पार्सल देई आणि पैसे घेई. व्ही.पी. परत येण्याचं दुखणंही तितकंच जुनं. आता त्याला विक्रेते ‘आरटीओ’ म्हणतात. त्याचा हिशोब नीट मांडला तर असा दिसतो. समजा, तुम्ही ३०० रुपयांचं एक अशी दहा पार्सलं सीओडीनं पाठवली. एका पार्सलात १४० रुपयांचा माल, २० रुपयांचं खोकं-टेप आणि ७० रुपयांचं भाडं. खर्च २३०, सुटले ७०. दहांचे सातशे, असं वाटतं. आता त्यातली दोन परत आली. परतीचं भाडं प्रत्येकी ६० रुपये आणि येता येता आतल्या कुरडयांचा चुरा झाला. हातात आले आठ पार्सलांचे २,४००. खर्च झाला २,३०० अधिक १२०, म्हणजे २,४२०. सातशे मिळतील म्हणून बसलो आणि पदरचे वीस रुपये गेले. दोन बायकांची आठवडाभराची मजुरी यात धरलेलीच नाही.

हा हिशोब करायला कॉलेज लागत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला पट्टी वाचता येते. सोयाबीनची गाडी अडतीला गेली की भाव काय लागला एवढ्यावर तो थांबत नाही. वजन किती भरलं, हमाली किती, तोलाई किती, उचल किती वळती केली आणि हातात किती पडले, हे तो शेवटच्या ओळीपर्यंत बघतो. ऑनलाइन बाजारही आठवड्याला अशी पट्टी देतो: कमिशन, पाठवणावळ, परतीचा आकार, जाहिरातीचा खर्च, कर. फरक एवढाच की ती फोनमध्ये चार ठिकाणी विखुरलेली असते आणि ऑर्डर आल्याची घंटी मात्र मोठ्यानं वाजते. घंटी ऐकून हुरूप येतो आणि पट्टी उघडायची राहून जाते. नांदेड-लातूरच्या माणसानं अडतीवरची ती सवय फोनवर नेली, तरी पहिल्या वर्षात बुडणारे कितीतरी धंदे वाचतील असं मला मनापासून वाटतं.

या दोन जिल्ह्यांकडे विकण्यासारखं काय आहे, हे इथल्यांना मी सांगायला नको. लातूर डाळ गिरण्यांचं गाव. २०२४ साली याच जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालं. नांदेडकडे हळदीची मोठी बाजारपेठ आहे, अर्धापूरची केळी आहेत, धर्माबादची लाल मिरची आहे. राष्ट्रध्वजासाठी लागणारी खादी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या कामातून नांदेड-उदगीर भागातच तयार होत आली आहे. हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात येणारा पंजाब-दिल्लीचा यात्रेकरू नांदेडच्या बाजारातून कडं किंवा हळद घेऊन जातो आणि घरी गेल्यावर फोन करून पुन्हा मागवतो. शिक्षणा-नोकरीसाठी पुण्याला गेलेली आपली मुलं तर घरच्या चवीची वाटच पाहत असतात. विकणारे हातही इथे तयार आहेत. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरं बांधून घेण्याच्या कामात गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या, त्यांचे बचत गट उभे राहिले. पुढे ‘उमेद’ आणि ‘माविम’ या सरकारी यंत्रणांनी ते जाळं वाढवलं. मालाची आणि कष्टाची इथे वाण नाही. म्हणून टाळता येण्यासारख्या चुकीनं असा धंदा बंद पडला की जास्त वाईट वाटतं.

त्यातल्या काही चुका आपल्या भूगोलामुळे होतात. देगलूर, बिलोली, धर्माबाद ही गावं तेलंगणच्या वेशीवर, तर उदगीर-निलंग्याहून बिदर जवळ. धर्माबादच्या मिरचीवाल्याला पुण्यापेक्षा निजामाबादचं गिऱ्हाईक सोपं वाटणारच. पण जीएसटीच्या कायद्यात राज्याची वेस हा मोठा उंबरठा आहे. मालाची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला नोंदणी सहसा लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन बाजारावरही, राज्याबाहेर न विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला ही मोकळीक मिळाली आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा झाला की मात्र पहिल्या पार्सलापासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना तेवढी सवलत आहे. पाच मैलांवरचं गिऱ्हाईक आणि पाचशे मैलांवरचं गिऱ्हाईक या बाबतीत सारखंच, हे सीमेवरच्या विक्रेत्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

डाळीचंही तसंच. पोत्यातून सुटी मोजून दिलेल्या डाळीवर कर नव्हता, म्हणून पाकिटातल्या डाळीवरही नसेल असं धरून चालतात. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच भरून लेबल लावलेल्या डाळी, धान्य आणि पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. लेबल छापून आणलं त्या दिवशी तुमच्या मालाची कायद्यातली जात बदलते. त्या लेबलावर काय हवं, याची यादी पुस्तिकेत स्वतंत्र दिली आहे: बनवणाऱ्याचं किंवा भरणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन, आणि खाद्यपदार्थ असेल तर घटक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, कधीपर्यंत खावं ती तारीख आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक. मला या यादीचा कधी जाच वाटला नाही. गोलाईतलं गिऱ्हाईक डाळ हातात घेऊन जे स्वतः विचारतं, तेच कायदा दूरच्या गिऱ्हाइकाच्या वतीनं विचारतो.

हाच न्याय फोटोला आणि शब्दाला. दुसऱ्याच्या पानावरचा देखणा फोटो उचलून आपल्या हळदीखाली लावला की गिऱ्हाईक एकदाच येतं. बोरसुरीचं नाव फक्त बोरसुरी परिसरातल्या तुरीच्या डाळीला लावता येतं. मानांकनाचं चिन्ह वापरायला नोंदणीकृत वापरकर्ता व्हावं लागतं. कुठलीही डाळ त्या नावानं विकणारा आपल्याच जिल्ह्याची पत खातो आणि खऱ्या बोरसुरीकराच्या ताटातलं ओढतो. घरातल्यांकडून ‘फारच छान’ असे अभिप्राय लिहून घेणं अनेकांना निरुपद्रवी वाटतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्यानं गिऱ्हाईक असल्याचं भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई केली आहे. सदोष किंवा सांगितल्यापेक्षा वेगळा माल परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे.

आणखी एक चूक जागेची. आपलं दुकान आपल्या जागेत आहे, असं फोनवर वाटत राहतं. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि त्यात टिकटॉक गेलं. तिथे व्हिडिओ करून ओळख मिळवलेल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांची ती ओळख रातोरात पुसली गेली. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडले. घटस्थापना तीन दिवसांवर होती. ज्यांच्या ऑर्डरी, पत्ते आणि हिशोब फक्त चॅटमध्ये होते, ते हात बांधल्यासारखे बसून राहिले. म्हणून गिऱ्हाइकांची यादी आपल्याकडे वहीत असावी. ती विकायची नसते आणि ग्रुपवर टाकायची नसते. कुणाचा पत्ता आणि फोन आपल्या हाती विश्वासानं आलेला असतो. खात्याला दुहेरी पडताळणी लावून ठेवायला पाच मिनिटं लागतात.

पैशांच्या फसवणुकीवर मी एक पूर्ण प्रकरण लिहिलं आहे, कारण या बाबतीत माझ्याकडे आलेली माणसं रडत आली होती. प्रकार ठरलेला असतो. फोन येतो, बोलणारा स्वतःला सैन्यातला अधिकारी म्हणवतो, छावणीसाठी मोठी ऑर्डर देतो, भाव करत नाही. मग “आगाऊ पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा” म्हणतो. पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जातात. लक्षात ठेवायची गोष्ट एकच आहे आणि ती घरातल्या प्रत्येकाला पाठ हवी: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. स्क्रीनशॉट किंवा मेसेज बघून माल देऊ नका, खात्यात रक्कम जमा झालेली बघा. फसलात तर लाजू नका, त्याच क्षणी १९३० वर फोन करा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

दुसरी फसवणूक गोड बोलून होते. ‘महिन्यात लाख कमवा’ असे वर्ग, फी घेऊन उद्यम नोंदणी करून देणारे दलाल, सरकारी वाटणाऱ्या वेबसाइट. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी एक रुपयाही द्यावा लागत नाही. घरगुती अन्नप्रक्रियेच्या उद्योगाला केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. अशा योजनांची चौकशी जिल्हा कृषी कार्यालयात किंवा जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन करावी.

या पुस्तिकेचे पाच भाग आहेत: माल आणि किंमत, पार्सल, कायदा आणि कर, पैसे आणि फसवणूक, आणि शेवटी गिऱ्हाइकाशी बोलणं. पहिला भाग सगळ्यांनी वाचावा, उरलेले अडेल तेव्हा उघडावेत. करांचे दर आणि नियम बदलत असतात. विक्री वाढू लागली की गावातल्या कर सल्लागाराला भेटणं चुकवू नका. झटपट मोठं होण्याचे उपाय मी दिलेले नाहीत. नात्यातल्यांनी घेतलेल्या पहिल्या वीस पाकिटांवरून कर्ज काढू नये, घरखर्चाचं आणि धंद्याचं खातं वेगळं असावं, आणि स्वतःच्या कष्टाची मजुरी किमतीत धरावी, असं साधंच सांगणं आहे. शेवटची गोष्ट बायकांना मी पुन्हा पुन्हा सांगते. पहाटे चारला उठून घाटलेला चीक फुकटचा नसतो.

जाऊबाईंच्या वहीबद्दल सांगून थांबते. त्या उन्हाळ्यात पार्सलं परत यायला लागली तेव्हा त्यांनी दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागून एक पान उघडलं आणि प्रत्येक परत आलेल्या पार्सलापुढे कारण लिहायला सुरुवात केली. ‘पत्ता अपुरा.’ ‘फोन उचलला नाही.’ ‘मुलीनं मागवलं, सासूनं नको म्हटलं.’ ‘फुटलं.’ ‘उशीर झाला, सण होऊन गेला.’ पान भरल्यावर त्यांनी ते मला वाचून दाखवलं. तेव्हा आम्हाला दिसलं की यातलं बरंचसं पार्सल निघायच्या आधी एक फोन केला असता तर टळलं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्या प्रत्येक ऑर्डरीला फोन करू लागल्या: पत्ता वाचून दाखवायच्या, जवळची खूण विचारायच्या, घरी कोण असेल ते विचारायच्या, कधी पोचेल ते सांगायच्या. खोकी लहान केली, आत कुरडयांचे दोन थर आणि मध्ये पुठ्ठा घातला, बंद करताना फोनवर व्हिडिओ काढून ठेवला. पुढच्या उन्हाळ्याच्या पानावर फक्त चार ओळी होत्या.

गिऱ्हाईक दिसत नव्हतं, पण फोनवर बोलता बोलता त्याचं घर दिसू लागलं. कुणाच्या घरी बाळंतीण होती, कुणाला कमी तिखट हवं होतं. गोलाईतल्या दुकानदाराला जे नजरेनं कळतं ते जाऊबाईंना विचारून कळलं, आणि कळलेलं त्यांनी लिहून ठेवलं. ही पुस्तिका त्या वहीतूनच वाढली आहे. ज्या बायकांनी आणि पोरांनी आपल्या चुका मला न लपवता सांगितल्या, त्यांची मी ऋणी आहे. त्यांच्या नुकसानीतून दुसऱ्या कुणाचं नुकसान टळावं, एवढ्याचसाठी त्या इथे छापल्या आहेत. पुस्तिकेची शेवटची आठ पानं कोरी ठेवली आहेत. पहिलं पार्सल परत येईल त्या दिवशी त्यावर तारीख घाला आणि कारण लिहा.

लातूर